बेहड्याच्या पोटातली

"व्हय म्हाराजा!" असं आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, हात जोडले, आणि मागच्या बेहड्याच्या झाडानं आतून उत्तर दिलं. ठक्. ठक् ठक्.

तातू घाडी गाऱ्हाणं घालत होता. शिमगा सरला की आमच्या गावात देवराईत जाऊन राखणदाराला नारळ देतात. घाडी एकेक मागणं मागतो, गुरांवर नजर ठेव, वाटेवरच्या माणसाला सांभाळ, आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. त्या दिवशी होकार भरणाऱ्यांत एक जण जास्त निघाला.

घाड्याच्या हातातला नारळ हातातच राहिला. "कोण ता?"

"सुतार असतलो," मी म्हटलं. सुतार म्हणजे खोड टोचणारं पाखरू. बायकांनी देवराईच्या दगडांबाहेर उभं राहायचं अशी रीत. पण माझा आवाज आत पोचायला कधी अडचण आली नाही.

"सुतार भायरसून ठोकता, काकी," तातू म्हणाला. "ह्यां आतसून येता."

मग कण्हण्याचा आवाज आला. लांब, घसा कोरडा पडल्यासारखा. घरात बाळंतपणं केलेल्या बाईला तो आवाज सांगावा लागत नाही. माझ्या शेजारच्या दोघीजणी पदराचा बोळा तोंडात धरून मागे सरल्या.

कुणीतरी म्हणालं, ककणेर असेल, ढोलीत बसतो. त्यावर म्हातारा गुरव हसला. "ककणेराची बायल आत बसली तर घोव दिवसभर खाणा घेवन येता. ऐनार बघ, कसो येता-जाता. हंय महिनाभरात पाखरू फिरकलेला बघलंस?"

खरं होतं. ककणेराची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी चीर ठेवते. पिलं मोठी होईतो नवऱ्यानं त्या चिरेतून भरवायचं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. देवळाजवळच्या ऐनात तसं एक घरटं होतं, आणि तिथला नर उंबरं घेऊन सारखा येई. बेहड्यावर कुणी येत नव्हतं. जिथे घोव येत नाही तिथे ककणेरीण नाही. मग आत कोण?

नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दुसरीकडे बघितलं.

नाव होतं शेवंती. माझी धाकटी जाऊ. माघात बाळंत होताना गेली. जीप घाटात असताना मुलगी झाली आणि घाट उतरायच्या आत आई गेली. आमच्या भागात बाळंतपणात गेलेली बाई सुखासुखी जात नाही असं मानतात. ती झाड धरून बसते. पोरासाठी घुटमळते.

मी गुणवंती गवस. माझी शाळा दुसरीत संपली, जीभ मात्र अजून चालू आहे. नवरा गेला तेव्हा दोन मुलगे आणि एक दीर माझ्या पदरात टाकून गेला. मुलगे गोव्यात नोकरीला. दीर बाबल, त्याला मीच न्हाऊ घातलं, मीच शाळेत ढकललं, शेवंतीही मीच शोधून आणली. गावात मला कुणी उलट बोलत नसे. पण भुताशी भांडायचं म्हणजे जीभ कुठे चालवणार?

"पोरगी गावात ऱ्हवली तर शेवंती तिका घेवन जातली," असं तातू घाड्यानं दुसऱ्या दिवशी माझ्या पडवीत बसून सांगितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. तो नाटक करत नव्हता, घाबरला होता. घाबरलेल्या माणसाशी वाद घालणं खोट्या माणसापेक्षा कठीण. "कौल घेतलंय. उजवो दिलान."

कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर भिजवून पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली की हो.

"काय इचारलंस देवाक?"

"बेहड्याक खिळे मारून ढोल बंद करूची. आणि चेडू न्हयपलीकडे धाडूचा. मामाच्या घरी नायतर खंयय."

"मामाच्या घरात खायला आठ तोंडं आणि एक म्हैस. ती पण भाकड."

"मगे आश्रमात."

"तातू," मी म्हटलं, "तुझ्या घरात मांजर व्याली तरी तू तिची पिल्लं नदीपलीकडे टाकत नाहीस. हे माणसाचं पोर आहे."

"काकी, माका बोला कितीय. पण गाव ऐकूचा नाय. सोमवारी दुपारी खिळे मारतले, आणि चेडू त्याच्या आधी गावाभायर जावक होया."

बाबल पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. शेवंती गेल्यापासून तो बोलतच नव्हता, रडलाही नव्हता. दुपारी मात्र कुठे तरी जायचा. मी समजे, काजूच्या बागेत जात असेल.

आणि पोरगी. तिचं बारसंही राहिलं होतं. शेजारच्या गाईचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजायची मी. गुणी पोर, फारशी रडायची नाही. पण भर दुपारी, उन्हात कुत्रीसुद्धा निजतात तेव्हा, ती पाळण्यात जागी होई आणि मान देवराईकडे वळवून बघत राही. मी पाळणा फिरवला. तिनं मान दुसऱ्या बाजूला फिरवली. पुन्हा देवराईकडेच. मी कुणाला सांगितलं नाही. पाळण्यावर चादर टाकली आणि स्वतःला म्हटलं, खिडकीचा उजेड असेल.

त्या बाजूला खिडकी नव्हती.

त्याच थंडीत तेजस्विनी शिंत्रे म्हणून कोल्हापूरची एक मुलगी आमच्याकडे राहून गेली होती. गळ्यात दुर्बीण, पायात शिकाऱ्याचे बूट आणि जेवण चिमणीएवढं. ककणेर बघायला आली होती. आमच्याकडे ककणेर दोन जातींचे. गावाला दोन्ही सारखे, मोठी चोच दिसली की ककणेर. पुस्तकात दोघांना धनेश म्हणतात. ही पोर मात्र बोहल्यावरची नवरी पारखावी तशी एकेकाला पारखायची.

"हा धाकटा, काकू," ती चित्र दाखवून म्हणाली होती. "पोट पांढरं, मान काळीकुट्ट. चोचीवरची टोपी कोयत्याच्या पात्यासारखी उभी, तिच्यावर मोठा काळा डाग. थोरला बघा, अंगानं कितीतरी मोठा. मान पिवळी, पंखांवर पांढरे पट्टे. टोपी पिवळी, रुंद, वरून खोलगट."

"झिजलेल्या पाट्यासारखी," मी म्हटलं.

ती खूश झाली. "अगदी तशीच!"

धाकटा खिदळतो. थोरला उडाला की लोहाराचा भाता चालल्यासारखा पंखांचा आवाज डोंगरभर होतो. तो आवाज मी लहानपणापासून ऐकलेला, पण तो नेमका कुणाचा हे मला तिनं सांगितलं.

"ह्यांना मोजून काय करणार तू?"

"दोघंही धोक्याच्या उंबरठ्यावर आहेत, काकू. पण थोरला आधी आत पडेल असं मला वाटतं. त्याला घरट्यासाठी जुनं, जाड, पोकळ झाड लागतं. तशी झाडं आता देवरायांतच उरलीत. धाकटा जरा कमी-जास्त झाडात भागवतो."

"म्हणजे थोरलीला मोठं घर हवं आणि धाकटी पडवीत निभावते. आमच्यात उलटं."

शेवंती तेव्हा गरोदर होती. ती चुलीजवळून हसली. "वयनी, पडवी कोणाची आणि घर कोणाचा ता माझ्या घोवाक इचार." असं मला बोलणारी घरात ती एकटीच होती.

तेजस्विनीला ऐनावरचं धाकट्याचं घरटं सापडलं. थोरल्याची जोडी देवराईवरून जाताना रोज दिसे, पण घरटं काही सापडेना. बेहड्याची ढोल मागच्या अंगाला, उताराकडे, करवंदीच्या जाळीत लपलेली. तिकडे गावातला माणूसही जात नाही. ती पोर तशीच परत गेली.

सोमवारी सकाळी मी घाड्याच्या घरी गेले. चेडू देणार नाही हे सांगायला. आयुष्यात कुणाच्या दारात मागायला गेले नव्हते. त्या दिवशी गेले, पण मागायला जायची सवय नसल्यानं भांडायलाच लागले.

"तुझ्या देवाला सांग, गुणवंती नाही म्हणते."

"तसा देवाक सांगूक येत नाय, काकी."

"मग मी सांगते. चल."

"काकी, बसा. पाणी घेवा."

बसले. समोरच्या भिंतीवर चुलीच्या धुरात एका ककणेराचं मुंडकं टांगलं होतं. ताजं नव्हतं, जुनंही नव्हतं. डोळ्यांच्या जागी खळगे, आणि खाली वाटी ठेवलेली, तिच्यात पिवळट तेल.

"हे काय?"

"विजेच्या तारांखाली गावलो. शिमग्याच्या आधी. मेलेलोच होतो," तातू म्हणाला. "सांध्यांक बरा तेल. तुमच्या ढोपराक वायच देऊ काय?"

"माझी ढोपरं मला तुझ्या दारापर्यंत घेऊन आली, तेवढं पुरे."

मी त्या मुंडक्याकडे बघितलं. चोचीवरची टोपी पिवळी, रुंद. पण माझ्या डोक्यात पोरगी होती. तातू म्हणत होता की पोरीला न्यायला तिचा मामा जेवण करून येईल, जीप ठरली आहे, बाबलनं मान डोलावली आहे.

"बाबलनं?"

"सकाळी इल्लो हंय. म्हणालो, खिळे मारूच्या आधी एकदा तिका चेडू दाखवतंय."

"तिका म्हणजे कोणाला?"

तातूनं देवराईकडे बघितलं. त्याची बायको दारातून आत गेली आणि तिनं मधलं दार लोटून घेतलं.

मी घरी पळाले. पाळण्यावरची चादर घडी करून ठेवलेली. पाळणा रिकामा, आणि वारा नसताना हलत होता. म्हणजे आत्ताच. खांबाला अडकवलेली कोयती जाग्यावर नव्हती. देवराईत लोखंड न्यायचं नाही, ही रीत बाबल तान्हा असल्यापासून मी त्याला शिकवलेली.

दुपारी बाराला देवराईत राखणदार फिरतो. त्या वेळी पुरुष जात नाहीत, बायकांचं तर नावच नको. मी दगड ओलांडून आत गेले.

आत ऊन पोचत नाही. पायाखाली पालापाचोळा, पण माझ्या पावलांचा आवाज होत नव्हता. किती तरी वर्षांचा कुजलेला पाला, गादीसारखा. किडा नाही, पाखरू नाही. वेली जाड दोरांसारख्या वरून लोंबलेल्या आणि त्यांतली एखादी, वारा नसताना, सावकाश फिरायची. मी देवाला म्हटलं, जे काय करायचं ते माझं कर.

देवळाजवळच्या ऐनापाशी डोक्यावरून काहीतरी गेलं. धाकटा ककणेर. चोचीत लाल उंबर. तो घरट्याच्या चिरेशी लटकला, आतून टोक बाहेर आलं, उंबर आत गेलं. मी दमले होते म्हणून उभी राहिले, आणि उभी राहिले म्हणून डोक्यात शिरलं. हा जिवंत आहे. काळा डाग, कोयत्याचं पातं. मग घाड्याच्या भिंतीवर कोण आहे? टोपी रुंद. मधे खोलगट. झिजलेला पाटा.

थोरला.

लोहाराच्या भात्याचा आवाज शिमग्याआधीपासून मी ऐकला नव्हता. आणि बेहडा त्यानंतर बोलायला लागला होता. नवरा तारांना चिकटून पडला, तातूच्या चुलीवर टांगला गेला. मग थोरली कुठे आहे?

ठक्. ठक् ठक्.

मी बेहड्याला वळसा घालून करवंदीत घुसले. मागच्या अंगाला उतार, उतारावर कातळ, आणि कातळावर उभं राहिलं की ढोल माणसाच्या डोक्याला लागते. कातळावर बाबल उभा होता. डाव्या हातावर दुपट्यात गुंडाळलेली पोर. उजव्या हातात कोयती. पोर जागी होती. टक लावून झाडाकडे बघत होती.

ढोलीचं तोंड चिखलासारखं काहीतरी लिंपून बंद केलेलं, मधे उभी चीर. चिरेतून एक डोळा बघत होता. गोल, पांढरा. आणि त्याला पापण्या होत्या. बाईच्या असाव्यात तशा लांब, काळ्या, दाट पापण्या. मिटल्या. उघडल्या.

मला सगळं कळलेलं होतं तरी पाय हलेनात.

"वयनी, फुडे येव नको," बाबल म्हणाला. आवाज अगदी शांत. "ती बुजता."

"कोण बुजता, बाबल?"

"बघ ना. शेवंती. माका बघून पापण्यो मोडता." तो चिरेकडे बघून हसला. "तिका दार उघडून देतंय. चेडवाक एकदा घेव दे. मगे खिळे मारू देत."

"शेवंतीचे डोळे असे पांढरे होते?"

"मरताना झालेले, वयनी. जीपीत. तू फुडे बसललंस, तू बघूक नाय."

मी कातळावर चढले. पोरीचं तोंड चिरेपासून हातभरही नव्हतं, आणि आतल्या अंधारात ती चोच, विळीच्या पात्याएवढी, हळूच पुढे-मागे होत होती.

"तू दुपारी इथे येतोस?"

"रोज. शिमग्याच्या आधीपासून. लोकांच्या आधी माका आयकूक इला. भूक लागली म्हणान कण्हत होती. उंबरां हाडलंय. फणसाचे गरे. घेता हातातसून. हळूच घेता, वयनी. चावणा नाय." त्याच्या बोटांवर चोचीच्या टोकाचे ओरखडे होते. "भात पण ठेवतंय पानात. माशाच्या तिखल्याचो. तिका आवडायचो."

"बाबल, ऐक. तिच्यामागे बघ. आत. काय दिसतं?"

"काळोख."

"नीट बघ."

आत काहीतरी लुकलुकलं. गुलाबी, उघडं, पिसं नसलेलं, तोंड वासून. चिरका आवाज आला. दुपट्यातली पोर त्या आवाजाला वळली आणि तीही रडायला लागली. एक झाडातून, एक हातातून. दोघींना भूक लागली होती.

"तिला तिचं पोर आहे," मी म्हटलं. "दुसऱ्याचं कशाला घेईल? ती थोरल्या ककणेराची बायको. नवरा तारांखाली मेला. तातूच्या घरी टांगलाय, जाऊन बघ. ती आत पिसं गाळून बसलीय. तिला उडता येत नाही. दार फोडलंस तर ती आणि पोर दोन्ही मरतील."

"शेवंती नाय?"

"नाही."

"मगे मी इतके दिस कोणाक भरवलंय?"

"दुसऱ्याच्या बायकोला," मी म्हटलं. "म्हणून ती जगली."

तो चिरेकडे वळला. डोळा मिटला. उघडला. मग बाबलनं कोयती खाली सोडली. ती कातळावर खणखणली आणि चोच आत ओढली गेली. त्यानं पोर माझ्या हातात दिली, कातळावर बसला, आणि शेवंती गेल्यापासून पहिल्यांदा रडला. लहानपणी विहिरीजवळ पडला होता तसा, तोंड उघडं टाकून.

"माका वाटला मी तिका वाचवलंय, वयनी."

मी पोरीला खांद्यावर घेतलं. सगळीकडे जीभ चालवायची नसते.

खाली कातळाच्या पायथ्याशी केळीची पानं पडली होती. रोजचं एकेक, सुकलेली, वळलेली. वरचं पान आजचंच, हिरवं. चाटून पुसल्यासारखं लख्ख.

पोरीला छातीशी धरून मी तशीच तातूच्या घरी गेले. मामा आलेला होता. गावातले चौघे खिळे आणि हातोडा घेऊन अंगणात. मी पडवीत चढले, भिंतीवरचं मुंडकं उतरवलं आणि तातूच्या मांडीवर ठेवलं.

"हा तुझ्या भुताचा घोव," मी म्हटलं.

सगळं सांगितलं. चौघांतले दोघे जाऊन बघून आले, मान डोलावून बसले. तातू मुंडक्याकडे बघत होता. "पण काकी, देवान उजवो कौल दिलेलो. आता गावाक काय सांगू? देव खोटो?"

त्या क्षणी मी त्याला चारचौघांत उघडा करू शकले असते. जिभेवर आलं होतं. पण देव खोटा पडलेला कुठलाही गाव मानत नाही; त्यांनी पोरीला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कारणानं घालवलं असतं.

"देव कशाला खोटा?" मी म्हटलं. "बेहड्यात बाळंतीण आहे असं तू म्हणालास ना? आहे. मी बघून आले. आता मला सांग, बाळंतिणीच्या दाराला खिळे मारतात?"

अंगणात एकानं हातोडा खाली ठेवला.

"मारीत नाय," तातू म्हणाला.

"मग सांग गावाला. देवाच्या घरात बाळंतीण आहे, पावसापर्यंत तिकडे कुणी पाय टाकायचा नाही."

"आणि चेडू? त्येच्या आवशीन मागितला तर?"

"त्याच्या आईनं मागितलेलंच आहे," मी म्हटलं. "ती तुझ्या पडवीत उभी आहे. कधीची पाणी देतो म्हणालास, अजून दिलं नाहीस."

तातूच्या बायकोनं तांब्या आणला. मामा जीपमध्ये एकटाच बसून गेला.

बाबल पावसापर्यंत रोज दुपारी कातळावर जात राहिला. फक्त त्यालाच मुभा होती. उंबरं, वडाची फळं, सरडे, काय मिळेल ते. मी निरोप धाडला तशी तेजस्विनी आली, लांबून दुर्बिणीनं बघत बसली आणि म्हणाली, माणसानं भरवलेली थोरली मी ऐकलीसुद्धा नाही. वैशाखात एक दिवस आतून लिंपण फुटलं. ती बाहेर आली. पिसं नवी, पण विस्कटलेली. फांदीवर बसली, बाबलकडे वळूनही बघितलं नाही, आणि लोहाराचा भाता चालू झाला. पिलानं आतून दार पुन्हा लिंपून घेतलं आणि ती त्याला स्वतः भरवायला लागली. बाबल घरी आला आणि जेवायला बसला. दोनदा वाढून घेतलं.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेजस्विनी अजून येते. तिचे केस माझ्यासारखे व्हायला लागलेत. जगभरची पाखरं बघणाऱ्यांनी म्हणे थोरल्याला आता उंबरठ्यावरून धोक्याच्या आत धरलं; धाकटा अजून उंबरठ्यावरच आहे. ती हे सांगते तेव्हा सोयरिकीतलं दुखणं सांगावं तसा आवाज काढते. बेहडा उभा आहे. देवराईत लोखंड जात नाही. ढोलीत दर साली कुणी तरी बसतं, आणि त्याचा घोव येतो-जातो, सगळ्या गावाला दिसतो.

पोरगी आता शाळेत पुढच्या बाकावर बसते आणि माझ्यासारखी बोलते. तेजस्विनीच्या मागे फिरून फिरून तिला ककणेरांचं सगळं पाठ. मला आई म्हणते, बाबलला बाबा.

बाबल अजूनही अमावास्येच्या दुपारी केळीच्या पानात तिखल्याचा भात घेऊन कातळावर जातो. मी विचारत नाही. परवा पोरगीनं त्याला येताना बघितलं आणि जेवता जेवता मला विचारलं, "आई, बाबा पान कोणाक ठेवतत?"

"ककणेराला," मी म्हटलं.

"ककणेर भात खाणत नाय," ती म्हणाली. "आणि पान दर येळी साफ कसा आसता?"

मी तिच्या पानात अजून एक मासा वाढला.

"गप जेव," मी म्हटलं.